कुणीतरी लावलेला वसंत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शहर आणि ऋतू' हा विषय ठरवला आणि माझ्या वाट्याला वसंत आला. मुंबईचा पाऊस लिहायला मागणारे पुष्कळ असतात. वसंताचं नाव काढलं की मात्र 'मुंबईत वसंत असतो कुठे?' असं विचारलं जातं. थंडीचे चार दिवस सरले की घामाच्या धारा, मधे काही नाही, अशी इथल्या माणसांची समजूत आहे. मला ती पटत नाही. मुंबईत वसंत असतो आणि भरभरून असतो. फक्त तो रानातल्यासारखा आपसूक येत नाही. या शहरात मार्चमध्ये फुलणारं जवळजवळ प्रत्येक झाड कुणीतरी, कधीतरी, विचार करून लावलेलं आहे. आणि ते आजही उभं असेल, तर त्याला कुणीतरी राखलेलं आहे.

हे सगळं एका दिवसात पायी हिंडून बघायचं ठरवलं. होळी होऊन गेली होती, पाडवा तोंडावर होता. मधला रविवार धरला आणि तीन जुन्या मित्रमैत्रिणींना हाक दिली. एक जण आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. एक मैत्रीण बँकेतली, जिच्या गच्चीत कुंड्या मावत नाहीत. आणि एक नगररचनेत नोकरी केलेली, जिला मुंबईच्या कुठल्याही रस्त्याची रुंदी विचारावी. भेटायचं ठिकाण ठरलं दादरचा फूलबाजार.

कळी विकायची असते

दादर स्टेशनच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्गाला लागून असलेला हा बाजार उजाडण्याआधीच भरात येतो. आम्ही पोचलो तेव्हा ठोक व्यवहार उरकत आला होता. झेंडूच्या गोणी सुटून टोपल्या भरल्या होत्या, शेवंतीचे ढीग लागले होते, आणि पायाखाली देठांचा, पाकळ्यांचा ओला चिखल झाला होता. झेंडू पुणे, सातारा, नाशिककडून ट्रकने येतो. सोनचाफा वसईचा. तो खुडतात पहाटेच, कारण ऊन चढलं की फूल मलूल पडतं. त्यामुळे वसई-विरार पट्ट्यातली माणसं करंड्या घेऊन पहाटेच्या लोकल धरतात आणि शहर जागं होण्याआधी चाफा दादरला पोचवतात. लोकल नसती तर वसईचा चाफा मुंबईकरांच्या देवापर्यंत असा ताजा पोचलाच नसता.

मोगऱ्याचा हंगाम याच दिवसांत जोर धरतो. थंडीत मोगरा कमी आणि महाग. उन्हं तापू लागली की झुडपं कळ्या धरतात आणि भाव उतरतो. पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगडच्या बाजूला आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड केली आहे, त्यांचाही माल इकडे येतो. मोगरा विकायचा तो कळी असतानाच. उमललेल्या फुलाला या बाजारात किंमत नाही. बँकवाल्या मैत्रिणीने ओंजळभर कळ्या घेऊन नाकाशी नेल्या तशी विकणारी बाई म्हणाली, "ताई, आत्ता काय वास यायचा? संध्याकाळी बघा." कळ्या ओल्या फडक्यात बांधून घेतल्या.

कडुनिंबाच्या डहाळ्या आणि आंब्याचे टाळे अजून बाजारात यायचे होते. ते पाडव्याच्या आदल्या दिवशी येतात. रानडे रोडच्या दुकानांत साखरेच्या गाठी मात्र टांगल्या गेल्या होत्या. पाडव्याला कडुनिंब खायचा म्हटलं की आपल्याला त्याचा कडूपणाच आठवतो. त्याच वेळी तो फुलावर असतो, बारीक पांढऱ्या फुलांना मधासारखा मंद वास असतो, हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं. डहाळी घरी आणल्यावर एकदा नाकाशी धरून बघावी.

भायखळ्याची बाग

रविवारच्या मेगाब्लॉकआधी निघायचं म्हणून घाईने भायखळ्याची गाडी पकडली. भायखळा स्टेशनची जुनी इमारत अलीकडे डागडुजी होऊन पूर्वीच्या रूपात उभी राहिली आहे. २०२२ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिथून पूर्वेला चालत गेलं की राणीची बाग. आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्यापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी राणीबागच.

तिकीटखिडकीवर मोठी रांग होती. आत शिरल्यावर बहुतेकांची पावलं पेंग्विनकडे वळतात. २०१६ मध्ये हे पेंग्विन दक्षिण कोरियातून आले आणि पुढच्या वर्षी लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी मोठ्यांचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, डब्यांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या आया, कुठूनतरी लांबून आलेली गावाकडची पाहुणे मंडळी, सगळे त्या दिशेने. त्यात गैर काही नाही. लहान मुलाला पेंग्विन बघायचा असणारच. पण ही मुळात प्राण्यांची बाग नव्हे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची शिवडीची बाग इथे हलवली गेली आणि १८६२ मध्ये ती व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून सुरू झाली, ती झाडांसाठी. प्राणी नंतर आले. पन्नासेक एकरांच्या या जागेत आज सुमारे तीन हजार झाडं आहेत आणि त्यांच्या अडीचशेहून जास्त जाती. मुंबईत एका कुंपणाच्या आत इतक्या जाती क्वचितच दिसतील.

आमच्या प्राध्यापकाने सुरुवातीलाच बजावलं, "फुलं शोधत हिंडू नका. आधी फांद्या बघा." मार्चमधली झाडं वाचायची ही खरी रीत आहे. आपल्याकडचा वसंत कोरड्या दिवसांत येतो. पावसाला अजून तीन महिने आहेत, जमिनीतली ओल उतरत चालली आहे, म्हणून कित्येक झाडं पानं टाकून पाण्याचा खर्च कमी करतात. काटेसावर, पांगारा, पळस ही मंडळी ओक्याबोक्या फांद्यांवरच फुलतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे लालभडक फूल पाखरांना लांबून दिसतं. काटेसावरीच्या जाड पाकळ्यांच्या पेल्यात भरपूर मध असतो; सकाळच्या वेळी कावळे, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खारी, सगळ्यांची तिथे झुंबड उडते. परागीकरणाचं काम परभारे होऊन जातं.

दुसरीकडे काही झाडांची पालवी हीच त्यांची शोभा. पिंपळाची कोवळी पानं तांबूस, तकतकीत आणि इतकी पातळ, की उन्हात धरली तर शिरा मोजाव्यात. कुसुंबाची पालवी लांबून बघणाऱ्याला फुलोराच वाटावा इतकी लाल. गोरखचिंच मात्र या दिवसांत अगदी निष्पर्ण, आपलं प्रचंड खोड घेऊन उभी असते. मूळची आफ्रिकेची ही झाडं समुद्रमार्गे व्यापाऱ्यांबरोबर कोकणपट्टीत आली. तिला पानं फुटायची ती पावसाच्या सुमाराला, आणि फुलं उमलायची ती रात्री. वसंताचं वेळापत्रक तिला लागू नाही.

सीतेचा अशोक ऐन बहरात होता. आपण सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने लावतो तो उंच, सरळसोट वाढणारा आसुपालव. हा अशोक वेगळा, बसका, गर्द सावलीचा. त्याच्या फुलाला पाकळ्या नसतातच. जे रंगीत दिसतं ते निदल आहे. आधी पिवळं-केशरी, मग दिवस जातील तसं लाल होत जातं, त्यामुळे एकाच गुच्छात तीन-चार छटा दिसतात. आणि हे गुच्छ जुन्या, जाड फांद्यांना चिकटून येतात. मैत्रिणीने फोटो काढण्यासाठी फांदी ओढायला हात वर केला, तर प्राध्यापक ओरडलाच, "अगं, खाली बस. खालून वर बघ." खाली बसल्यावर फांद्यांच्या पोटाशी लागलेला सगळा फुलोरा दिसला.

ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी हे या बागेचं भूषण. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांना हे झाड एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशात एका मठाच्या आवारात दिसलं आणि त्यांनी गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी ॲमहर्स्ट आणि तिची मुलगी यांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. लांब झुलणाऱ्या देठांना लाल-पिवळी फुलं लोंबतात. रानात हे झाड आता सापडणं महाकठीण, त्यामुळे जगभर ते टिकलं आहे ते बागांमध्येच. अशा झाडासाठी बाग हा अखेरचा आसरा असतो. राणीबागेकडे सहलीची जागा म्हणूनच बघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कैलासपतीच्या फुलाशी

एका झाडापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कैलासपतीच्या खोडालाच दोरखंडासारख्या वाकड्यातिकड्या फांद्या फुटतात आणि त्यांना फुलं लागतात. खाली गळलेलं एक ताजं फूल प्राध्यापकाने तळहातावर घेतलं. सहा मांसल पाकळ्या, आतून गुलाबी, बाहेरून पिवळट. मधोमध एक बुटकी चकती, तिच्याभोवती बारीक पुंकेसरांचं कडं, आणि त्या सगळ्यावर फणा काढावा तशी एक जाड पट्टी वळून आलेली, तिच्या टोकालाही केसरांचा झुपका. पिंडीवर नागाने फणा धरल्याचा भास होतो, म्हणून देवळांच्या आवारात हे झाड हमखास लावलेलं असतं. ते आहे मात्र दक्षिण अमेरिकेचं.

"आता बघा," तो म्हणाला. या फुलात मध नसतो. मधमाशी येते ती परागासाठी, आणि तिला खायला मिळतो तो फण्याच्या झुपक्यातला पराग. तो वांझ असतो, त्याने बी धरत नाही. फण्याकडे तोंड करून माशी आत शिरली की तिची पाठ खालच्या कड्याला घासते, आणि खरा, बी धरणारा पराग तिच्या पाठीला लागतो. पाठीपर्यंत तिला नीट पोचता येत नाही, म्हणून तो खाल्ला न जाता पुढच्या फुलाकडे जातो. एकाच फुलात खायचा पराग वेगळा आणि वंश चालवायचा वेगळा. ते फूल त्याने आळीपाळीने आमच्या हातांवर ठेवलं. वास दाट, गोडसर. हाताला तो दुपारपर्यंत राहिला.

आजूबाजूला एव्हाना पाच-सहा अनोळखी माणसं जमली होती. एका आजींनी विचारलं, "दादा, हे घरी लावता येतं का?" झाड चांगलं उंच होतं आणि तोफगोळ्यासारखी जड फळं वरून पडतात, म्हणून दाराशी लावू नये, एवढं त्याने त्यांना समजावून सांगितलं. मोठ्या शहरात अनोळखी माणसं असं सहज बोलायला लागतील अशा जागा फार उरलेल्या नाहीत.

बाग वाचली कशी

ही झाडं आज बघायला मिळतात यामागे एक लढा आहे आणि तो अलीकडचाच आहे. २००७ च्या सुमाराला महापालिकेने इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभारायची योजना आणली. नव्या पिंजऱ्यांसाठी, इमारतींसाठी, वाटांसाठी जागा लागणार. म्हणजे झाडांवर गदा येणार. तेव्हा बागेत नेहमी येणाऱ्या, झाडं ओळखणाऱ्या काही बायका पुढे झाल्या. नकाशे मिळवून अभ्यासले, झाडांची नोंद केली, वारसा समितीचे आणि वर्तमानपत्रांचे उंबरठे झिजवले, सह्या गोळा केल्या. ही जागा वनस्पती उद्यान आहे, तिला वारसा दर्जा आहे, हे त्या वर्षानुवर्षं ठणकावून सांगत राहिल्या. मूळ योजनेला वारसा समितीने मान्यता दिली नाही आणि पुढचा आराखडा बदलावा लागला. बागेला दीडशे वर्षं झाली तेव्हा याच मंडळींनी तिच्यावर एक सुरेख पुस्तक काढलं. स्वयंसेवक आजही लोकांना बागेत झाडं दाखवत हिंडतात.

माझ्या मते मुंबईच्या गेल्या वीस वर्षांच्या नागरी इतिहासातलं हे एक महत्त्वाचं पान आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला हवी. मुलं पेंग्विनच्या रांगेतून बाहेर पडतात आणि ज्या झाडाखाली डबा उघडतात, ते झाड कुणीतरी भांडून ठेवलेलं आहे. हे त्यांना कुणी सांगत नाही.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली खुलं झालेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय, आणि १९७५ मध्ये ज्यांचं नाव त्याला दिलं गेलं त्या भाऊ दाजींनी आणि जगन्नाथ शंकरशेटांनी त्याच्या उभारणीसाठी खस्ता खाल्ल्या होत्या. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो कोसळून फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला गेला. काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही १९६५ पासून इथेच आहे. संग्रहालयाला निवांत वेळ द्यायला हवा. त्या दिवशी आम्हाला तो नव्हता, पोटात कावळे ओरडत होते.

माटुंग्याचं पान आणि पारशी कॉलनीची महोगनी

जेवण माटुंग्याला. स्टेशनसमोर रामा नायक यांची उडुपी खाणावळ १९४२ पासून केळीच्या पानावर वाढते आहे. रांगेत उभं राहावं, पाळी आली की बसावं, पोटभर जेवावं. बाहेर पडल्यावर फूलवाल्यांच्या दुकानांशी पुन्हा थांबलो. दादरला मोगरा वजनावर घेतला होता, इथे तोच ओवलेला, हातावर मोजून देतात. विक्रेता कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ धरतो आणि तोडतो. दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी आपली फुलं माळायची रीत बरोबर आणली, आणि तिच्याबरोबर तिचं मापही इथे रुजलं.

तिथून फाइव्ह गार्डन्सकडे चालत निघालं की पाचच मिनिटांत हवा बदलते. हा खरोखर अंगाला जाणवणारा फरक आहे. दादर पारशी कॉलनीचे रस्ते वरून फांद्यांनी मिटलेले आहेत. नगररचनावाली मैत्रीण इथे बोलती झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, कोंदट हवा यांनी तो पसरला, असं निदान झालं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्या ट्रस्टची: रुंद रस्ते, इमारतींमध्ये अंतर, मधे मोकळ्या जागा. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी जोशी यांनी पारशी मध्यमवर्गासाठी इथे भूखंड राखून घेतले. कॉलनी उभी राहताना एकेका रस्त्याला एकेका जातीची झाडं लावण्याचा आग्रहही त्यांचाच. "साथीतून आलेली सावली आहे ही," ती म्हणाली. "लोकांना श्वास घेता यावा म्हणून आखलेली."

फिरदौसी रोडवर महोगनीची रांग आहे. महोगनीची पानगळ मोठी झपाट्याची. मार्चच्या मागेपुढे काही दिवसांत सगळी पानं पिवळी होऊन उतरतात, आणि झाड उघडं पडलं म्हणेपर्यंत कोवळ्या पोपटी पानांनी भरतं. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही अवस्था एकाच रस्त्यावर होत्या: एक झाड बोडकं, त्याच्या शेजारचं नवं कोरं. याच दिवसांत फळंही फुटतात. मुठीएवढं, लाकडासारखं टणक बोंड झाडावरच तळाकडून उकलतं, त्याची पाच जाड सालं एकेक करून गळतात आणि आत दाटीवाटीने रचलेल्या बिया मोकळ्या होतात. प्रत्येक बीला एकाच बाजूला लांब तपकिरी पंख. वाऱ्याची झुळूक आली की बी गरगरत, तिरकी उतरते. एका घराच्या पायरीवर बसलेला मुलगा पडलेल्या बिया वेचून पुन्हा वर उडवत होता. आम्ही चौघांनीही तेच केलं, आणि बराच वेळ केलं.

जाता जाता एक काळजीची गोष्टही दिसली. कॉलनीच्या बाहेर, एका नव्या रस्त्याच्या कडेला, झाडाच्या खोडाला चिकटवून सिमेंट ओतलेलं होतं. बोटभर फट नाही. पाणी मुरायला जागा नाही, मुळांना हवा नाही, आणि खोड रुंद व्हायला वाव नाही. असं झाड एका दिवसात मरत नाही. दोन-चार पावसाळे तग धरतं आणि मग वादळात उन्मळून पडतं. तेव्हा दोष वाऱ्यावर जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या झाडांबाबत खोडाभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. मुंबईतही अधूनमधून खोडं मोकळी करण्याच्या मोहिमा निघतात, पण सिमेंटच्या रस्त्यांची कामं त्याहून कितीतरी वेगाने चालतात.

गुलाबी रस्ता आणि एक शंका

मुंबईचा वसंत म्हटलं की अलीकडे सगळ्यांना आठवतो तो विक्रोळी-घाटकोपरचा पूर्व द्रुतगती मार्ग. तिथली टॅबेबुयाची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून गुलाबी फुलांनी लगडतात. लोक त्यांना बसंत राणी म्हणतात. हे झाड मध्य अमेरिकेकडचं, एल साल्वाडोरचा राष्ट्रीय वृक्ष. त्या रस्त्यावर मित्रांबरोबर दिवस घालवता येत नाही, गाड्यांचा लोंढा थांबू देत नाही. पण बसच्या खिडकीत बसून रोज कामाला जाणाऱ्या माणसाला ते दहा-बारा दिवस फार मोठा दिलासा देतात, आणि मी त्याचं मोल कमी मानत नाही.

प्राध्यापकाची शंका वेगळी होती. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, टॅबेबुया मध्य अमेरिकेचा. बाहेरचं झाड म्हणून त्याचा आक्षेप नाही; त्याला भीती वाटते एकाच जातीच्या रांगांची. काही वर्षांपूर्वी पिठ्या ढेकणाची कीड पडली आणि मुंबईतले कितीतरी जुने पर्जन्यवृक्ष वाळून गेले. रस्ताच्या रस्ता एका जातीचा असला की एक कीड तो अख्खा ओका करते. "शोभेसाठी रांग लावा," तो म्हणतो, "पण शेजारच्या रस्त्याला करंज लावा, तामण लावा, बहावा लावा." तामण तर आपलं राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या तुऱ्यांनी भरणारं हे झाड मुंबईच्या रस्त्यांवर व्हावं तितकं दिसत नाही. मला त्याचं म्हणणं पटलं. पारशी कॉलनीतल्या महोगनीखाली उभं राहून पटलं, म्हणून जास्तच.

कट्ट्यावर

संध्याकाळ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. दादरच्या माणसाला मित्रांबरोबर बसायला दुसरी जागा सुचत नाही. १९२५ मध्ये हे मैदान माहीम पार्क म्हणून खुलं झालं, आणि दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. आत क्रिकेटच्या जाळ्या, बाहेर कट्टा, आणि कडेने पर्जन्यवृक्षांच्या छत्र्या. मार्चअखेर त्यांना गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांची बारीक फुलं येतात. संध्याकाळी पानं मिटून घेतात, त्यामुळे फुलं जास्त उठून दिसतात. बँकवालीने फडकं सोडलं. दादरच्या कळ्या खरोखरच उमलल्या होत्या आणि बाई म्हणाली होती तसा वास सुटला होता.

डोक्यावर कुठेतरी तांबट 'टुक टुक' करत होता. हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळाला लाल टिळा असलेला हा पक्षी वाळक्या फांदीत चोचीने गोल ढोली कोरतो आणि याच महिन्यांत तिच्यात पिल्लं वाढवतो. म्हणजे झाडाची वाळकी फांदी त्याचं घर. आणि पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये सुरू होते तेव्हा पहिली करवत चालते ती वाळक्या फांदीवर. माणसांच्या डोक्यावर धोकादायक फांदी पडू नये, हे खरंच; छाटणी करावीच लागते. पण फांदी कापण्याआधी तिला भोक आहे का, आत ये-जा आहे का, हे पाच मिनिटं थांबून बघता येतं. जिथे धोका नाही तिथे जूनपर्यंत थांबता येतं. कंत्राटदाराच्या माणसाला ते कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं ते खिडकीत उभ्या असलेल्या रहिवाशांनीच.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं, आणि असं झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितली. पण आमची नगररचनावाली म्हणाली ते विसरता येत नाही: साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपं लावली, तरी त्या रस्त्यावरच्या माणसांना पुढची साठ वर्षं ती सावली मिळत नाही. म्हणून तोडू न देणं हेच पहिलं काम.

दिवाळीनंतर तीन महिन्यांत पांगारा आणि काटेसावर फुलायला लागतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये सीतेचा अशोक आणि विक्रोळीचा गुलाबी रस्ता, मार्चअखेर महोगनीची पालवी, एप्रिलमध्ये बहावा आणि तामण. मित्रमैत्रिणींना आत्ताच सांगून ठेवा आणि एक दिवस मोकळा ठेवा. राणीबाग बुधवारी बंद असते, बाकी कुठल्याही दिवशी जा. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. आणि तोपर्यंत आपल्या गल्लीतलं एक झाड निवडून त्याच्या बुंध्याकडे बघा. सिमेंट खोडाला भिडलं असेल, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याला लेखी कळवा आणि अर्जावर पोचशिक्का घ्या. मुंबईत १९१६ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.